माईची अट आणि रविवारचा रस्सा

मी, अनंत दिगंबर बिडवई, वय वर्षे ७१, हायस्कुलातून निवृत्त झालेला मुख्य लिपिक, राहणार साखरखेर्डा, तालुका सिंदखेड राजा, जिल्हा बुलडाणा, आज रविवारी सकाळी परसात चुलीजवळ खाट टाकून हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे, हात कापत नाही, चष्मा नवा आहे. मला कोणी दम दिलेला नाही आणि कोणी गोड बोलून माझ्याकडून लिहूनही घेतलेले नाही. चुलीवर कोंबडी शिजते आहे. मधूनमधून उठून ढवळावे लागते, तेव्हा अक्षर मध्येच तिरके झाले तर त्याचा दोष पळीला द्यावा, माझ्या प्रकृतीला नव्हे.

मेहकरच्या वकिलांनी एक मसुदा करून दिला होता. त्यात नाव तेवढे माझे होते. साऱ्या आयुष्यात मी दुसऱ्यांचे अर्ज, दाखले आणि खुलासे लिहिले, तर स्वतःचा एक कागद लिहिता येईलच, म्हणून तो मसुदा बाजूला ठेवला आहे.

या कागदात खरा प्रश्न एकच आहे. राहते घर माझी एकुलती मुलगी हिमानी हिला जाणार, की माझा धाकटा भाऊ शेषराव याला. दोघांनाही ते माहीत आहे. शेषराव तर तीन वर्षे त्याच एका गोष्टीवर जगतो आहे. घराचे कलम मी शेवटी लिहीन, कारण आधीचे वाचल्याशिवाय ते कळणार नाही.

कलम १. जर्मनचे मोठे पातेले, त्यावरची जड परात आणि लांब दांड्याची पळी. ही तिन्ही हिमानीला द्यावीत. पातेले बाहेरून काळेकुट्ट आहे आणि ते तसेच राहू द्यावे. हे पातेले आजतागायत घराच्या आत गेलेले नाही. ते परसातच राहते, गोठ्याच्या खुंटीला.

याचे कारण लिहून ठेवतो. माझी पत्नी कै. शकुंतला ही बीबी गावच्या माळ्यांची मुलगी. आम्ही १९७१ साली आपल्या मर्जीने लग्न केले, तेव्हा भटाच्या घरात माळ्याची सून म्हणून गावाला दोन वर्षे बोलायला विषय मिळाला. माझी आई, आम्ही तिला माई म्हणत असू, महिनाभर माझ्याशी बोलली नाही. मग एक दिवस ओसरीवर बसून तिने निकाल दिला. "ती तिच्या माहेरचं खाईल, मी बघणार नाही. पण तू ते तोंडात घालायचं नाहीस." मी हो म्हटले. तेव्हा मला वाटले, किती स्वस्तात सुटलो.

शकुंतलाने पहिली चार वर्षे मांस खाल्लेच नाही, माईला वाईट वाटेल म्हणून. १९७५ साली हिमानी झाली आणि शकुंतला इतकी अशक्त झाली की उभी राहिली की भिंत धरायची. डॉक्टर म्हणाले, हिला कोंबडीचा रस्सा पाजा. आता आली पंचाईत. शकुंतलाने कोंबडीला हात लावला तर माई तिच्या हातचे जेवणार नाही, आणि माईचा स्वयंपाक दुसरे कोण करणार? तेव्हा असे ठरले की जी खाते तिने शिजवायचे नाही, आणि जो शिजवील त्याने खायचे नाही. शिजवणारा मी. सोवळ्यात वाढलेला, आयुष्यात कधी चहासुद्धा न केलेला.

कलम २. पाटा आणि वरवंटा. हा शेजारीण अमीनाबी, शे. फारुख पिंजारी यांची पत्नी, यांना परत करावा. परत म्हणतो, कारण तो मुळात त्यांचाच आहे. एका रविवारपुरता मागून आणला होता, त्याला सदतीस वर्षे झाली.

मला सारे अमीनाबींनी शिकवले, तेही भिंतीपलीकडून. फारुखभाई कोंबडी साफ करून आणून द्यायचे आणि अमीनाबी भिंतीवर हनुवटी टेकवून हुकूम सोडायच्या. "भाऊ, कांदा लाल होऊ द्या, काळा नोका करू. काळा झाला त फेका अन् पहिल्यापासून सुरू करा." पहिल्या रविवारी मी तीनदा पहिल्यापासून सुरू केले. चौथ्यांदा त्या म्हणाल्या, "भाऊ, आता कांदेच सरले घरातले, हाच चालवा." त्या दिवशीचा रस्सा शकुंतलाने निमूटपणे संपवला. ते प्रेम होते, चव नव्हे, हे मला नंतर कळले.

पण वर्षभरात मी असा तयार झालो की गावातल्या भल्याभल्या सुगरणी आपल्या मुलींना आमच्या परसात पाहायला पाठवू लागल्या. हे लिहिताना मला संकोच वाटत नाही. शाळेत मी प्रामाणिक होतो, चांगला होतो असे कोणी म्हणाले नाही. चुलीवर मात्र मी चांगला आहे.

कृती हिमानीला ठाऊक आहे, तरी नोंद असावी. कोंबडी गावरानच. कांदा आणि खोबरे निखाऱ्यावर भाजावे, तव्यावर नव्हे. धने, जिरे, खसखस, मिरे, लवंग आणि चिमूटभर दगडफूल कोरडे भाजून पाट्यावर वाटावे. मसाला तेल सोडीपर्यंत हलवत राहावे. पाणी उकळतेच घालावे. गार पाणी ओतणाऱ्याला माझ्या चुलीजवळ उभे करू नये. शेवटी ज्वारीचे पीठ चमचाभर. मीठ लिहून देता येत नाही, ते चाखावेच लागते.

आणि मला चाखायचे नव्हते. म्हणून शकुंतला मागच्या पायरीवर बसायची, मी तिच्या तळहातावर रश्शाचा थेंब टाकायचा, ती तो चाटायची. मग म्हणायची, "अजून थोडं." किंवा म्हणायची, "हाव," म्हणजे हो, जमले. त्या एका 'हाव'साठी मी आठवडाभर वाट पाहायचो. माई ओसरीवरून नुसत्या वासावर शेरा मारायची, "आज तुझ्या लवंगा जास्त झाल्यात." तिचे म्हणणे एकदाही चुकले नाही.

माई १९८६ साली गेली. त्यानंतर शकुंतला म्हणाली, आता मी करते. तिने एक रविवार केला. जेवण झाल्यावर तिने हात धुतले आणि म्हणाली, "नाई बा, तुमचाच चांगला." मी पुन्हा चुलीपाशी बसलो तो आजपर्यंत. शब्द दिला होता तो माईबरोबर संपला असे मी मानले नाही.

कलम ३. शेत, सव्वातीन एकर. हे हिमानीचे. वाहील मात्र आजवरसारखा सहदेव रिंढेच, त्याची इच्छा असेपर्यंत. अट एकच, बांधाकडच्या अर्ध्या एकरात दरवर्षी ज्वारी पेरावी.

बीटीचे बियाणे आल्यापासून आमचे सारे शिवार कपाशीने पांढरे झाले. ज्वारी गेली, तिच्याबरोबर कडबा गेला, कडब्याबरोबर बैल गेले, आणि कोंबडीच्या रश्शाबरोबर लोक रेशनच्या गव्हाची पोळी खाऊ लागले. मी सहदेवला ज्वारी लाव म्हटले तर तो म्हणाला, "काका, सगळ्या शिवारात आपलीच ज्वारी, म्हंजे सगळ्या शिवाराचे पाखरं आपल्याच वावरात. कोन राखन करीन?" मी म्हटले, मी करीन. निवृत्त कारकुनाने दोन हंगाम डबा वाजवत पाखरे हाकली, ही गोष्ट गाव अजून हसत सांगते. खुशाल हसावे. रश्शाबरोबर भाकर लागते.

ज्या वर्षी कपाशीवर लाल्या पडला, त्या वर्षी पाने लाल होऊन सहदेवचे उभे पीक पंधरा दिवसांत बसले. तो घरात तोंड भिंतीकडे करून पडला. चार दिवस जेवला नाही आणि बोलला नाही. पाचव्या दिवशी त्याची बायको आमच्याकडे रडत आली. मी रविवार नसताना चूल पेटवली आणि भरले पातेले डोक्यावर घेऊन त्याच्या दारी गेलो. त्याला म्हटले, "मी हे खात नाही, ठाऊक आहे ना तुले? म्या इतक्या लांब आनलं, अन् तू नाई म्हनतो?" तो उठून बसला. तो रस्सा-भाकर खात होता आणि मी समोर बसून कोरडी भाकर आणि ठेचा खात होतो. जेवता जेवता तो एकदम रडायला लागला, तेव्हा मला बरे वाटले. आता तो अर्ध्या वावरात तूर लावतो आणि बांधाकडे माझी ज्वारी.

कलम ४. पोस्टातली शिल्लक, शकुंतलाच्या पाटल्या आणि माझी सायकल. पहिल्या दोन हिमानीला. सायकल सहदेवला, तिची घंटी वाजत नाही हे त्याला माहीत आहे.

कलम ५. माझे दिवस. तेराव्यापर्यंत सर्व रीतीप्रमाणे करावे. त्यात मला हौस नाही, पण माईला आवडले असते. चौदाव्या दिवशी परसातली चूल पेटवावी आणि जो येईल त्याला जेवू घालावे. रस्सा हिमानीने करावा. मीठ अमीनाबींनी पाहावे. आमचे नातेवाईक त्या दिवशी येणार नाहीत, त्यामुळे भाकरी मोजक्या लागतील असा कोणी हिशेब करू नये. गाव येईल.

कलम ६. घर.

घर माईच्या नावे होते. तिने १९८४ साली केलेल्या मृत्युपत्रातली ओळ मी जशीच्या तशी उतरवतो: "माझा थोरला अनंत याने हयातीत मांस तोंडात घातले नाही तर घर त्याचे, घातले तर त्या दिवसापासून घर धाकटा शेषराव याचे."

शकुंतलाला २००९ साली घशाचा आजार निघाला. औरंगाबादला नेऊन विजेचे शेक दिले. त्याने आजार थांबला नाही, जिभेची चव तेवढी गेली. दिवाळीनंतर आम्ही घरी परत आलो आणि पहिल्याच रविवारी ती म्हणाली, "आज कोंबडी करा." मी केली. ती पायरीवर येऊन बसली. मी तिच्या तळहातावर थेंब टाकला. तिने चाटला, पुन्हा चाटला आणि माझ्याकडे पाहिले. म्हणाली, "मले काहीच समजून नाई राह्यलं हो."

अमीनाबी लेकीकडे गेल्या होत्या. हिमानी हिवरा आश्रम गावाहून दुपारी यायची होती. कोणी म्हणेल, जिला चवच कळत नाही तिला मीठ कमी काय आणि जास्त काय? मला तसे म्हणता येईना. चौतीस वर्षांत तिच्या ताटात मी अंदाजाने मीठ घातलेला रस्सा वाढला नव्हता. तिला कळले नसते, हे खरे. मला कळले असते.

मी पळीभर रस्सा घेतला आणि तोंडात घातला.

मीठ बरोबर होते. माझ्या हातचा रस्सा मी अडुसष्टाव्या वर्षी पहिल्यांदा चाखला. तो उत्तम होता. मला उगाच खोटे सांगत नव्हते कोणी.

शकुंतला माझ्या तोंडाकडे पाहत होती, जसा मी इतकी वर्षे तिच्या तोंडाकडे पाहत आलो. तिने विचारले, "कसं झालं?" मी म्हटले, "हाव." ती म्हणाली, "तुम्ही म्हन्ता त हाव." आणि तिने अर्धी भाकर खाल्ली. त्यानंतर ती एकोणीस दिवस होती, पण अर्धी भाकर पुन्हा खाल्ली नाही.

शेषराव त्या वेळी वहिनीला भेटायला म्हणून आला होता आणि परसाच्या बोळाकडच्या दारात उभा होता. त्याने पाहिले. तो आत आला नाही, तिला भेटलाही नाही, तसाच परत गेला. ती गेल्यावर दोन महिन्यांनी त्याने पारावर चार माणसांत बोलून दाखवले, "दादानं खाल्लं, मी डोळ्यांनी पाह्यलं." मी म्हणालो, तुला भास झाला, पळी रिकामी होती. लोकांनी माझ्यावर विश्वास ठेवला, कारण मी आयुष्यात खोटे बोललो नव्हतो. ते माझे पहिले खोटे. ते मी घरासाठी बोललो आणि तीन वर्षे ते घशात अडकले आहे. शेषराव वाईट मनाचा आहे, पण त्या दिवशी पारावर खरे तोच बोलत होता. सबब मी त्याची या कागदावर माफी मागतो. वहिनीला न भेटता परत गेला याची माफी त्याने तिच्याकडे मागावी, ती कशी मागायची हा त्याचा प्रश्न.

वकील म्हणाले, अशी अट कोर्टात टिकत नाही, आणि साक्षीदार तर एकटा शेषराव. तुम्ही गप्प बसा, घर मुलीला जाईल. कोर्टात टिकत नसेल. माझ्यापाशी टिकते. माईने माझ्यावर पाळत ठेवली नव्हती, शब्द घेतला होता.

मागच्या रविवारी मी हे सारे हिमानीला सांगितले. घर जाईल म्हणालो. ती पायरीवर, तिच्या आईच्या जागेवर बसली होती. बराच वेळ डोळे पुसत राहिली. मग म्हणाली, "बाबा, घर देऊन टाका त्यांना. पातेलं मले पाहिजे."

म्हणून लिहितो की हे घर मी शेषरावला देत नाही. ते तीन वर्षांपूर्वीच त्याचे झाले आहे, मी फक्त कबुली देतो. पळीभर रश्शाची एवढी किंमत साखरखेर्ड्यात आजवर कोणी दिली नसेल. मला पश्चात्ताप नाही. पुन्हा तो रविवार आला तर पुन्हा पळी उचलीन.

परस मात्र वेगळे. ती बारा फूट बाय वीस फूट जागा, चूल आणि गोठ्याच्या खुंटीसकट, मी १९८८ साली फारुखभाईंकडून माझ्या पगारातून विकत घेतली; तोवर ती त्यांची होती आणि त्यांनी आम्हाला नुसती वापरायला दिली होती. खरेदीखत ट्रंकेत आहे. ती हिमानीची. तिला यायला-जायला बोळातून वाट आहे. दर रविवारी तिथे चूल पेटेल आणि वारा बहुतेक घराकडे वाहतो. त्यावर कायद्यात उपाय नाही, मी वकिलांना विचारून घेतले आहे.

अंमलबजावणी जानराव खरात यांनी करावी. ते चाळीस वर्षे टपाल वाटत होते, कोणाचे पाकीट दुसऱ्याच्या दारात टाकले नाही. दोन्ही साक्षीदार येऊन बसले आहेत आणि सारखे पातेल्याकडे पाहत आहेत. त्यांना आधी सही, मग ताट असे सांगितले आहे. हिमानी आत्ताच आली. तिच्या तळहातावर थेंब टाकला, तिने नाही म्हणून मान हलवली, तळहात माझ्याकडे केला आणि म्हणाली, "आता तुम्हीच पाहा." आता लपवायला काही उरलेले नाही, म्हणून पाहिले.

वरील मजकूर मी वाचला, कोंबडी शिजली, मीठ बरोबर आहे. हाव.

लिहून देणार: अनंत दिगंबर बिडवई (सही)

त्यांनी आमच्या डोळ्यांदेखत सही केली, ती पाहून आम्ही आमच्या सह्या केल्या:
१. जानराव पुंजाजी खरात, निवृत्त पोस्टमन (सही)
२. शे. मतीन शे. अकील, शिंपीकाम (सही)

स्थळ: परस, साखरखेर्डा
दिनांक: ९ डिसेंबर २०१२, रविवार