एकेक सूर सुटा

बंगळूर, १२ जानेवारी

ती. आईस,
क्षितिजाचा नमस्कार. मी बरी आहे, जेवण वेळेवर होतं.

इथल्या गिटारच्या सरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं, "वेग आहे, पण सूर एकमेकांत सांडतात. मेट्रोनोम साठवर लाव." (मेट्रोनोम म्हणजे टकटक ठोके देणारं यंत्र; साठ म्हणजे मिनिटाला साठ ठोके.) दोन महिने तेच चार सूर इतके सावकाश वाजवले की रडू यायचं. मनगट थोडं दुखतं, पण शेकते.

काल एकशे चाळीसच्या वेगात प्रत्येक सूर सुटा, स्वच्छ आला. सर म्हणाले, "पुढच्या महिन्यात तू आमच्याबरोबर स्टेजवर!"

गिटारसाठी मी नोकरी सोडल्यापासून बाबा माझ्याशी बोलत नाहीत. त्यांची पाठ कशी आहे? वटारच्या वाडीत केळींना पाणी कोण लावतं?

रविवारी फोन स्पीकरवर ठेव. बाबा उठून गेले तरी बंद करू नकोस. ओसरीवर ऐकू जाईल एवढं मोठ्याने वाजवीन.

तुझीच,
क्षितिजा