चढासाठी योग्य गिअरबॉक्स

४ फेब्रुवारी, रविवार
बायकोला भेटायला गेलो होतो. भेट झाली नाही. कारण तांत्रिक.

तिनं भाड्यानं घेतलेला फ्लॅट टेकडीवर आहे. शेवटचा चढ अंगावर येणारा, त्या चढावरच गतिरोधक, आणि गतिरोधकाला लागून सोसायटीचं गेट. तिथं थांबलं की संपलं. क्लच लवकर सोडला तर गाडी बंद पडते, उशिरा सोडला तर मागं येते. आज दोन्ही झालं. मागं पाण्याचा टँकर होता. टँकरवाला उतरून म्हणाला, काका, मी चढवून देऊ का? मी नको म्हणालो. स्वाभिमान नावाची काही चीज असते. मग मी रिव्हर्समध्ये खाली आलो, आणि माझ्यासाठी टँकरही रिव्हर्समध्ये खाली आला. त्यानंतर तो जे बोलला ते इथं लिहीत नाही.

लेकीचा फोन आला. (ती सध्या आईकडे असते.) म्हणाली, बाबा, गाडी खाली औषधांच्या दुकानापाशी लावा आणि चालत या, पाच मिनिटं लागतात. मुलीला इंजिनिअरिंगला घातलं, पण मूळ प्रश्न कशाला म्हणतात ते तिला अजून कळत नाही.

निश्चय: मॅन्युअल बंद. ऑटोमॅटिक घ्यायची. नीट अभ्यास करून.

ता. क. बायको घर सोडून वगैरे गेलेली नाही. ती फिजिओथेरपिस्ट आहे, तिचं क्लिनिक तिकडून जवळ पडतं. कपाट पूर्ण रिकामं केलंय, ते धूळ बसू नये म्हणून असणार.

५ फेब्रुवारी, सोमवार
आमच्या खोक्यांच्या कारखान्यात गाड्यांचा अधिकारी माणूस म्हणजे स्टोअरकीपर. स्वतः स्कूटर चालवतो. डबा खाताना त्याला विषय काढून दिला. त्यानं ऑटोमॅटिकचे प्रकार सांगितले.

एएमटी: गिअर तेच, क्लचही तोच, फक्त तो दाबायला आपल्या पायाऐवजी यंत्र. स्वस्त. पेट्रोल कमी पिते. पण प्रत्येक गिअरला गाडी क्षणभर विचारात पडते आणि मग आपली मान पुढं जाते.

सीव्हीटी: यात गिअरच नाहीत, दोन पुल्या आणि एक पट्टा. गर्दीत एकदम मऊ. पण जोरात दाबली की आधी इंजिन ओरडतं आणि गाडी मागाहून निघते. स्टोअरकीपर म्हणाला, आपल्या मॅनेजरसाहेबांसारखं. हसलो. मग मॅनेजरसाहेब मागंच उभे होते असं कळलं.

७ फेब्रुवारी, बुधवार
शोरूमला गेलो. सेल्सवाली मुलगी हुशार आहे. विचारलं, सर, रोजचा वापर कसा आहे, शहरातला की हायवेचा? मी म्हणालो, चढ. ती म्हणाली, तो कधीतरी, पण रोजचा? मी म्हणालो, एकच चढ आहे, तो चढता आला की बाकीचं आपोआप होईल. तिनं फॉर्मवर ‘शहर’ लिहिलं.

१० फेब्रुवारी, शनिवार
टेस्ट ड्राइव्ह, एएमटी, लाल. शोरूमचा ठरलेला रस्ता सपाट आहे. त्याचा काय उपयोग? मी गाडी सरळ टेकडीकडे घेतली. गतिरोधकापाशी थांबवली. ब्रेकवरचा पाय काढला तशी गाडी हातभर मागं आली, विचारात पडली, आणि मग एकदम उडी मारून वर गेली. सेल्सवालीची पर्स पायाशी.

वर बाल्कनीत बायको कपडे वाळत घालत होती. मी हात केला. तिनं बहुधा ओळखलं नाही, गाडी वेगळी होती ना. एएमटी बाद.

१३ फेब्रुवारी, मंगळवार
आज ड्युअल क्लच, पांढरी. यात दोन क्लच. एक चालू गिअर धरून ठेवतो, तोवर दुसरा पुढचा तयार ठेवतो. काय चपळ! पण टेकडीच्या पायथ्याशी गर्दीत इंचाइंचानं सरकताना डॅशबोर्डवर दिवा लागला, गिअरबॉक्स तापला. सेल्सवाली म्हणाली, जरा थांबू या. थांबलो. तिनं विचारलं, सर, त्या चढावर आपलं कोण राहतं? मी म्हणालो, घरचेच.

चढलो शेवटी. वॉचमननं सलाम केला. तो आता ओळखतो.

१४ फेब्रुवारी, बुधवार
लेकीचा फोन. म्हणाली, आई विचारतेय, बाबांनी नोकरी सोडली का? दर वेळी नव्या गाडीतून येतात आणि गेटवरून वळून जातात, ड्रायव्हरकी करतात का?

म्हणजे चौकशी केली! लक्ष आहे. उगीच कोण कुणाची चौकशी करतं?

लेक पुढं म्हणाली, बाबा, आई गाडीमुळे गेली नाही. लेकीला सगळं माहीत नाही. लहान आहे.

१७ फेब्रुवारी, शनिवार
लिहून ठेवलेलं बरं.

गेल्या वर्षी सासूबाई दवाखान्यात होत्या. दुपारी फोन आला, लगेच या. बायको म्हणाली, टॅक्सी बोलावू. मी म्हणालो, गाडी दारात असताना टॅक्सी कशाला? उड्डाणपुलाच्या चढावर क्लच सुटला. इंजिन फिरतंय, गाडी जागची हलत नाही, करपल्याचा वास. ती पुन्हा म्हणाली, टॅक्सी. मी म्हणालो, प्लेट थंड झाली की निघू, मला अंदाज आहे. थंड झाली, निघालो. पोचलो तेव्हा सासूबाई गेल्या होत्या. नुकत्याच.

मी अजूनही म्हणतो, ऑटोमॅटिक असती तर वेळेवर पोचलो असतो. मॅन्युअलचा दोष. परत येताना मी रस्ताभर बोलत होतो, तिचं मन दुसरीकडे लागावं म्हणून. ती खिडकीबाहेर बघत होती. रडली नाही. नंतरही माझ्यासमोर कधी रडली नाही.

तर एकदा योग्य गाडी आली की तो विषय मिटेल. हे मी कुणाला बोललेलो नाही.

१८ फेब्रुवारी, रविवार
निश्चय: कमी बोलायचं. बायकोला फोन करायचा आणि आधी तिची विचारपूस करायची, मग गाडी.

फोन केला. कशी आहेस विचारलं. बरी आहे म्हणाली. मग सीव्हीटीच्या पट्ट्याबद्दल बोललो. तिनं ऐकून घेतलं. मग म्हणाली, एकदा नीट भेटून बोलायला हवं, असं अधांतरी ठेवण्यात अर्थ नाही, मला आता कायमचं काय ते ठरवायचं आहे. मी म्हणालो, अगदी बरोबर, गाडी आली की लगेच.

कायमचं ठरवायचं म्हणाली! म्हणजे परत येण्याचंच. भाड्याच्या घरात माणूस किती दिवस काढणार?

स्वयंपाकघरातला दिवा बदलला. पडदे धुवायला टाकले.

२१ फेब्रुवारी, बुधवार
आता चाकांचा प्रश्न. ताकद पुढच्या चाकांना द्यायची, मागच्या, की चारही? स्टोअरकीपर म्हणतो, गावातल्या गावात पुढची दोन भरपूर झाली. हलकी, स्वस्त, आत जागा मोकळी. मी म्हणालो, पण चढावर गाडीचं वजन मागं जातं, पुढची चाकं हलकी होतात आणि खडीवर जागच्या जागी फिरतात, त्याचं काय? मग मागच्यांना द्या म्हणाला. पण त्यात मागच्या सीटसमोर मधोमध उंचवटा येतो, आणि लेक मधेच बसते. लहानपणापासून. आम्हा दोघांच्या मधून डोकं पुढं काढून बोलते.

म्हणजे चारही चाकं; उंचवटा त्यातही असतो, पण नावापुरता. तो म्हणाला, अहो, एवढी जड गाडी रोज पोसायची, ती एका चढासाठी? मला एकदम काय झालं कुणास ठाऊक, मी ओरडलो. म्हणालो, मला तेवढाच एक रस्ता आहे. मग त्यानं त्याच्या डब्यातलं लोणचं माझ्या डब्यात वाढलं.

२४ फेब्रुवारी, शनिवार
ठरलं. टॉर्क कन्व्हर्टर, चारही चाकं. हा सगळ्यात जुना प्रकार, तेलातून ताकद पुढं पोचवतो. ना धक्का, ना घाई. पेट्रोल पिते, पिऊ दे. चढावर पाय काढला तरी क्षणभर गाडी स्वतःच धरून ठेवते. टेस्ट ड्राइव्हला गेटपाशी मुद्दाम वारंवार थांबलो आणि निघालो. शेवटी वॉचमननं गेट उघडूनच ठेवलं.

बुक केली. रंग निळा. बायकोला निळा आवडतो. की लेकीला?

३ मार्च, रविवार
जुनी गाडी एक्स्चेंजमध्ये गेली. जाताना दारातल्या दारात एकदा बंद पडली. मी मुळीच हळवा झालो नाही.

९ मार्च, शनिवार
गाडी आली! उद्या भेटायचं ठरलंय. निश्चय: चढावर एक शब्द बोलायचा नाही. वर पोचल्यावर ती म्हणेल ते सगळं ऐकायचं. मग तिला पुढं बसवून घरी आणायचं. सामान काय, मागं भरपूर जागा आहे, सीट आडव्या होतात.

१० मार्च, रविवार
चढलो. गतिरोधकाला थांबलो, पाय काढला, गाडी तसूभर मागं आली नाही. पहिल्यांदाच मी आत गेलो आणि पार्किंगमध्ये गाडी लावली.

बायको खाली आली. जरा वाळलीये. मी तिला पुढच्या सीटवर बसवलं आणि ठरल्याप्रमाणे गप्प बसणार होतो, पण तिनं विचारलं, ही कशी आहे? विचारल्यावर सांगायला नको? सांगितलं. गिअरबॉक्स, चारही चाकं, चढावर धरून ठेवणं. आणि म्हणालो, त्या दिवशी ही असती तर आपण वेळेवर पोचलो असतो.

ती म्हणाली, उशीर झाला त्याचा मला कधीच राग नव्हता. गाडी आहे, बिघडते. पण आई गेली, आणि दवाखान्यातून घरी येईपर्यंत तू मला क्लच प्लेटबद्दल सांगत होतास. पूर्ण रस्ताभर. एकदाही आईचं नाव काढलं नाहीस. मी वाट बघत होते, म्हणाली. आता हा पूल संपेपर्यंत बोलेल, मग थांबेल. सिग्नलपर्यंत बोलेल, मग थांबेल. आपलं घर आलं.

मी म्हणालो, तुझं मन रमावं म्हणून. ती म्हणाली, माहीत आहे. म्हणाली ते रागावून नाही. रागावली असती तर बरं झालं असतं.

मग तिनं कायमचं काय ठरवलंय ते सांगितलं. परत येण्याचं नाही. कागद वकिलाकडून येतील, सही कर म्हणाली, भांडायचं नाही. मी हो म्हणालो. तिनं उतरताना दार अगदी हलकेच लावलं, नव्या गाडीचं लावतात तसं.

पार्किंगमध्येच बसून राहिलो. तिच्या आईच्या हातची चादर अजून आमच्या पलंगावर आहे, त्यांना मी आवडायचो, हे सगळं तेव्हा बोलता आलं असतं. मला फार वाईट वाटलं. सासूबाईंचं आज वाटलं, वर्षानं. रडलो. वॉचमन काचेवर टकटक करून म्हणाला, साहेब, गाडी बंद पडली का?

१२ मार्च, मंगळवार
शोरूममधून त्या सेल्सवाल्या मुलीचा फोन. फीडबॅकसाठी. दहापैकी किती? दहा म्हणालो. चढावर काही त्रास? नाही. मग तिनं विचारलं, सर, गाडी ज्या कारणासाठी घेतलीत ते काम झालं का?

नाही झालं, म्हणालो.

ती घाबरली. काय प्रॉब्लेम आहे सर, गिअरबॉक्स का? उद्याच माणूस पाठवते म्हणाली.

मी म्हणालो, नको. गाडीची काही चूक नाही.