आठच्या ठोक्याला ग्राइंडर

भावोजी,

आजपासून मला सातची पाळी लागली आहे, त्यामुळे तुम्ही याल तेव्हा मी घरी नसेन. खालच्या वर्कशॉपची किल्ली या चिठ्ठीखाली आहे.

हवेवरच्या ग्राइंडरला दगड लावण्याआधी हवेचा पाइप काढा. दगडावर छापलेला आरपीएम, म्हणजे मिनिटाला किती फेरे झेपतात तो आकडा, ग्राइंडरपेक्षा कमी असेल तर तो लावूच नका. तुमच्या दादांनी "चालतंय गं" म्हणत तसाच लावला आणि तो फुटला. चष्मा खिळ्याला आहे. त्या दिवशीही तिथेच होता.

रोज कॉम्प्रेसरच्या टाकीतलं पाणी सोडायचं. मग ग्राइंडरच्या हवेच्या तोंडात तेलाचे चार थेंब टाकून, दगड न लावता, अर्धं मिनिट चालवायचा. काम नसलं तरी चालवायचा. दोन महिने मीच चालवते आहे, बरोबर आठला.

चहा थर्मासमध्ये आहे. आईंना कप भरून द्या आणि मगच खाली जा. दादा गेल्याचं मी त्यांना दहादा सांगितलं, पण त्यांच्या लक्षात राहत नाही. खालून आवाज आला की "लागला वाटतं कामाला" म्हणतात आणि कप उचलतात. नाही आला, तर चहा तसाच गार होतो.

वहिनी