उंदरांच्या गोळ्या

५ फेब्रुवारी १९७३
वर्षभर या वहीला हात लावला नाही, त्याबद्दल मनापासून माफी. आज मात्र सांगण्यासारखं आहे. पाथर्डीजवळच्या कुष्ठरोग संशोधन केंद्रात प्रयोगशाळा सहाय्यक म्हणून रुजू झालो. खोली हवेशीर, समोर लिंब. पांढऱ्या उंदरांच्या पाण्यात प्रेडनिसोलोनच्या गोळ्या विरघळवायच्या. त्यांची प्रतिकारशक्ती मंदावली की पंजात टोचलेले कुष्ठाचे जंतू वाढतात. पिंजरे धुणाऱ्या मालनबाई मोठ्या गमत्या. उंदरांकडे बोट दाखवून म्हणाल्या, “ह्ये आपले सरकारी जावई, सायेब.”

१८ फेब्रुवारी
मालनबाईंना दमा आहे, म्हणून नवरा आसाराम एकटाच ऊसतोडीला गेला. धाप कुणी पाहिली तर काम जाईल, ही त्यांना धास्ती. या गोळ्यांनी दमा शमतो हे मला ठाऊक. उंदरांच्या डब्यातल्या त्यांना रोज देऊ लागलो. चोरीच ही, पण त्या आता न थांबता पिंजरे उचलतात. केंद्राच्या डॉक्टरांना विचारायला हवं होतं का?

११ मार्च
दुष्काळात पाण्याचा टँकरही येत नाही. हात धुवायला एकच घमेलं. आधी मी, मग त्याच पाण्यात मालनबाई. उंदरांच्या ओठांशी, पापण्यांवर गळवं उठली आहेत, कातडी सोलून निघते. कुष्ठ नव्हे. पू काचेच्या बशीत वाढवून तपासला, सोनेरी ठिपके उठले. धडधाकट माणसाच्या नाकात, हातावर निमूट बसून राहणारा जंतू. माझ्या नाकातला नमुना वाढवून पाहिला. तेच सोनेरी ठिपके.

२० मार्च
मालनबाईंच्या पापणीवर गळू. ओठाच्या कोपऱ्यात दुसरं. म्हणाल्या, “आता मलाबी पिंजऱ्यात घाला.” उंदरांच्याच गोळ्या, उंदरांचीच गळवं. गोळ्या संपल्या असं खोटंच सांगून बंद केल्या.

२३ मार्च
त्यांना ताप, ग्लानी. नगरच्या दवाखान्यात नेलं. काही औषध चालू होतं का, असं तिथल्या डॉक्टरांनी विचारलं. मी शेजारीच उभा. त्या सुजल्या डोळ्यानं माझ्याकडे बघत राहिल्या.
“न्हाई,” म्हणाल्या.
माझी नोकरी वाचवली. आणि मी —

२४ मार्च
उंदीर मेले. सगळे. हात धुतले, पुन्हा धुतले — तो जंतू जात नाही, माझाच आहे.
पुस्तकात आज वाचलं. या गोळ्या एकदम बंद करू नयेत, नाहीतर शरीर कोसळतं, जीवही —
नगरच्या डॉक्टरांना हे माहीत नाही.
नगरची शेवटची एस.टी. समोरून गेली. हात केला नाही.

उद्या : पहिल्या गाडीनं नगर. डॉक्टरांना सांगणे, की गोळ्या मी —