पंप पसंत पडेना

जबलपूर,
ता. ९ डिसेंबर १९३७

सौ. विनताताईस गुणवंतचा नमस्कार.

'सौ.' लिहिलं, बाबांना न विचारता. तुझ्या लग्नाला दोन वर्षं झाली आणि माझं हे पहिलंच पत्र. आई बरी आहे. धाकट्या इंदूला एक स्थळ आलं आहे, त्याचं पुढे सांगतो. भाऊजी नागपूरला मोटारींच्या कामात आहेत (बाबा अजून 'तो मिस्त्री'च म्हणतात), म्हणून त्यांना एक गोष्ट विचारायची आहे.

बडा फुहाऱ्याजवळच्या ज्या फोटो स्टुडिओत मी काम करतो, तिथे मालक अच्युतरावांनी फोटो दुरुस्त करायला हवेचा ब्रश आणला. दिसतो पेनासारखा. वर वाटीत रंग, मागून नळीनं हवा, बोट दाबलं की रंगाचा बारीक फवारा. फोटोला स्पर्शच होत नाही. मला तर वेड लागलं, ताई. पण खरी पंचाईत हवेची. शिकाऊ माणसाला कोणता पंप बरा, हे इथे कोणी सांगेना.

आधी मोटारच्या टायरचा पायपंप घेतला. पाय दाबला की रंग जोरात, उचलला की नुसते थेंब. एका वकीलसाहेबांच्या गालांवर मी देवीचे व्रण उठवले. मग मधे जुनी ट्यूब जोडून तिच्यात हवा साठवली. जरा सुधारलं, पण पाय आणि हात एकदम सांभाळता येईनात. मग गोहलपूरच्या सोडावाल्याकडून गॅसची टाकी आणली. आवाज नाही, काही नाही, पण तिची चावी जरा फिरवली की सगळा रंग अंगावर. सोडावाला म्हणाला, "भैया, इससे तो शरबत ही बनाओ."

शेवटी विजेचा पंप आला, टाकी आणि दाबाचा काटा असलेला. पिठाच्या गिरणीसारखा ओरडतो, पण पंचवीस पौंडांवरून काटा हलत नाही. फक्त टाकीत पाणी साचून एखादा थेंब फोटोवर येतो. तो अडवायला नळीत काय बसवावं, तेवढं भाऊजींना विचार.

अच्युतराव म्हणाले, "दीड महिना झाला, गुणवंता, तू प्रत्येक पंपाला नावं ठेवून राहिला. काहून रे?"

त्यांना नाही सांगितलं, तुला सांगतो. ब्रश आला त्याच आठवड्यात बाबांनी बैठकीतला आपला ग्रुपफोटो माझ्या हातात दिला. इंदूला बघायला येणाऱ्यांच्या नजरेस पडू नये म्हणून त्यातून तुला काढायचं. मी म्हणत राहिलो, पंप धड नाही. बाबा रोज विचारत. रविवारी स्वतःच स्टुडिओत आले, काटा पाहिला आणि म्हणाले, "चालतो की चांगला."

मग मी केलं. आधी साडी, मग हात, चेहरा सगळ्यात शेवटी. मागच्या पडद्याचा करडा रंग असा जुळला की अच्युतरावांनी पाठ थोपटली. मी थोपटून घेतली, ताई. त्याची फार लाज वाटते.

काल पाहुणे आले. मुलाची आई फोटोपुढे थांबली. म्हणाली, "आई आणि मुलाच्या मधे एवढी जागा काहून सोडली?" तू आमच्या मधे उभी होतीस. मी तुला पुसलं, पण आम्ही दोघं होतो तिथेच राहिलो. एवढं साधं माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

बाबा म्हणाले, "फोटोवाल्याची चूक."

आईनं पोह्यांची बशी खाली ठेवली. "चूक नाही. तिथे माझी विनता आहे. थोरली. नागपूरला असते." दोन वर्षांत घरात तुझं नाव पहिल्यांदा ऐकलं.

पाहुणे 'कळवतो' म्हणून गेले. इंदूला विचारलं तर म्हणाली, नाही कळवलं तर नाही, चलो. पण रात्री जेवली नाही.

फोटोची मूळ काच, म्हणजे निगेटिव्ह, बाबांनी फोडायला सांगितली होती. ती माझ्याजवळ आहे. तिच्यावरून नवी प्रत काढून उद्या तिथेच लावतो. बाबांनी उतरवली तर दुसरी काढीन.

माफ कर असं लिहायला हात धजत नाही. उत्तर लिहिलंस तर स्टुडिओच्या पत्त्यावर नको. घरी पाठव, आईच्या नावानं.

आपल्या हातानं तुला पुसून बसलेला
तुझा भाऊ,
गुणवंत