बर्फाला मिळालेली वीज

मुलुंड,
१९ जानेवारी १९८६

चि. सौ. जानकीस अनेक आशीर्वाद.

आम्ही इकडे बरे आहोत. तुम्हीही असाल, कारण तक्रार असली की तुझं पत्र दोन दिवस आधी येतं. आमसुलं पोचली. तुझ्या वहिनीने ती इतक्या उंचावर ठेवली आहेत की मला स्टुलाशिवाय दर्शन नाही.

माझ्या विद्यार्थिनीला, उत्तराला, तू चार दिवस ठेवून घेतलंस, त्याबद्दल कॉलेजतर्फे आभार. माझ्यातर्फे मानावेत की नाही, ते पत्र संपेपर्यंत ठरेल. "सर, तुमची बहीण तुमच्यापेक्षा चांगलं समजावून सांगते," म्हणाली. मी मनातल्या मनात तिचे दोन मार्क कापले.

तिला तिकडे का पाठवलं, ते सांगायचं राहिलं होतं. शेवटच्या वर्षाला मी खेड्यांचा वीजपुरवठा शिकवतो. तारेची जाडी, खांबांतलं अंतर, पोरांना सगळं येतं. पण "गावात वीज आली असं केव्हा म्हणायचं?" असं विचारलं की सगळे वह्या चाळायला लागतात. मग मी सरकारी व्याख्या सांगतो: गावाच्या महसुली हद्दीत कुठेही, कोणत्याही कामासाठी वीज वापरली गेली की गावात वीज आली. नाना आपल्याला घाटकोपरच्या गॅलरीत बसवून शिकवायचे, आठवतं? शिंगं असतात ती गाय, असं लक्षण केलं तर म्हैसही गाय ठरते. हा अतिव्याप्तीचा दोष. तू तेव्हा त्यांच्या उपरण्याला गाठी मारत होतीस, त्यामुळे नसेलही आठवत. माझ्या पोरांना ही म्हैस फार आवडली.

जयवंत म्हणून एक वात्रट आहे. तो म्हणाला, "म्हणजे सर, एका विहिरीवर पंप बसला की अख्खं गाव झकास?"

"हो."

"आणि पुढे?"

"पुढे काही नाही. वीज नसलेल्या गावांच्या यादीतून त्याचं नाव जातं."

म्हणून प्रत्येकाला एकेक 'वीज असलेलं' गाव नेमून दिलं. जा, घरं मोजा, दिवे मोजा. उत्तराला तुमचं गाव मीच दिलं. का दिलं, ते तेव्हा मी स्वतःलाही नीट सांगितलं नाही.

परवा तिने अहवाल वर्गात वाचला. घरं चौऱ्याण्णव. विजेचे दिवे शून्य. वीजवापर : बंदरावरचा बर्फाचा कारखाना, वस्तीपासून दोन मैल खाली. शेवटी शेऱ्याच्या रकान्यात लिहिलंय: "यजमानीणबाई मुंबईच्या. लग्न ठरताना सासरच्यांनी वीज असल्याचं खोटं सांगितलं, असं त्या म्हणतात. त्यांचे यजमान यावर काही बोलत नाहीत."

"बर्फाला वीज आणि माणसाला कंदील! काय यार!" जयवंत म्हणाला आणि वर्ग हसला.

उत्तरा भडकली. "हसण्यासारखं काय आहे रे? सर, या गावात वीज आली, हे कोणीतरी सही करून लिहिलं असेल ना? त्या माणसाचं नाव कुठे मिळेल?"

मी म्हटलं, "फळ्यावर." आणि माझं नाव लिहिलं.

जानकी, सहासष्टच्या मार्चमध्ये मी वीज खात्यात कनिष्ठ अभियंता होतो. वर्षअखेरीस गावांचा आकडा पुरा करायचा होता, एक कमी पडत होतं. कारखान्याला जोडणी मिळाली होती, म्हणून मी ते गाव लिहून टाकलं. तेव्हा ते तुझं नव्हतं, नुसतं गाव होतं. पुढच्या वर्षी भाऊरावांचं स्थळ आलं. तू एकच विचारलंस, "दादा, वीज आहे ना रे तिथे? मला वाचायला लागतं."

मी म्हटलं, "आहे."

सासरच्यांनी मला असं काहीच सांगितलं नव्हतं. मी त्यांना विचारलंच नव्हतं. घरांत वीज नाही हे मला ठाऊक होतं. वर्षभरात खांब वर चढतील आणि बोललेलं खरं होईल, असं वाटलं.

मग तुझं पहिलं पत्र आलं: "त्या लोकांनी तुला फसवलं रे." उत्तरात मी तिथल्या हवापाण्याची चौकशी केली.

तुझ्या सासूबाई म्हणायच्या, "आम्ही असं बोललोच नाही गो." वर पुन्हा खोटं बोलतात, असं तू मला रागाने लिहिलं होतंस. त्या गेल्याला तीन वर्षं झाली. खरं बोलणाऱ्या त्या एकट्याच होत्या. दरवर्षी तू विचारायचीस आणि मी लिहायचो, पुढच्या यादीत बघतो. त्या यादीत तुमचं गाव येणारच नव्हतं. हेही मला ठाऊक होतं.

सोबत अर्ज पाठवतो आहे. चौऱ्याण्णव घरांच्या सह्या घे, पहिली भाऊरावांची. त्याला माझं निवेदन जोडलं आहे: नोंद मी केली, बर्फाच्या कारखान्यावरून केली, घरांत वीज नव्हती. आमचे प्राचार्य म्हणाले, "नुसता अर्ज पुरे की, स्वतःची शोभा कशाला?" पण नुसत्या अर्जाला एका ओळीचं उत्तर येईल, आपल्या गावात वीज आहे. ती ओळ कुणाची, ते मला माहीत आहे.

हे पत्र भाऊरावांना वाचून दाखव. एकोणीस वर्षं तू त्यांना जे ऐकवलंस ते सगळ्या वाडीला ऐकू गेलं आहे. तेव्हा हेही ओटीवर बसून वाच आणि आवाज तेवढाच ठेव. दिवसाउजेडी वाच. माझं अक्षर बारीक आहे, आणि तुझ्या हातातला कंदील मीच दिलेला आहे.

"आहे" म्हणणारा
तुझा दादा,
अनंत