झीज वॉरंटीत धरत नाहीत

४ नोव्हेंबर १९९८, बुधवार

काय दिवे होते आज! त्रिपुरी पौर्णिमेची दीपमाळ दरवर्षीच पाहतो, पण यंदासारखी कधी दिसली नव्हती. प्रत्येक पणतीभोवती एक कडं, आतून निळसर, बाहेरून तांबूस. वाटलं, एकेका दिव्याला स्वतःचं आकाश मिळालंय. मी बराच वेळ उभा राहिलो. अनसूयेला म्हटलं, "कडी बघ कशी पडलीत!" ती दिव्यांकडे न बघता माझ्याकडेच बघत राहिली. "थंडी वाजतेय का तुम्हाला?" म्हणे! एवढी वर्षं संसार केला, पण या बाईला सौंदर्याची हौस नाही ती नाहीच. खाडीकडून धुकं येत असणार, त्याचीच ही किमया.

५ नोव्हेंबर

दुपारी पुन्हा तेच स्वप्न. आपली गाडी मिठागराच्या बांधावरून एकटीच चाललीय. दोन्ही बाजूंना पाण्याचे चौकोन, चौकोनांत ढग. स्टेअरिंगवर कोणी नाही. गाडी थोडी पुढे जाते, आचका देते, थांबते, पुन्हा निघते, चालायला शिकणाऱ्या पोरासारखी. आणि कुठेतरी बांगड्या वाजतात. आज तर खारट वासही आला.

जाग आली तेव्हा ऊन भिंतीवरून उतरलं होतं. मन इतकं हलकं झालं होतं की चहा मागायचंही सुचलं नाही. मोजणी खात्यात असताना त्याच मिठागरांचे नकाशे मी काढले होते. तेव्हाच्या रेषा अजून डोळ्यांत आहेत म्हणायच्या.

बाहेर येऊन पाहिलं तर गाडीचं तोंड रस्त्याकडे. मी काल भिंतीकडे तोंड करून लावली होती. होती ना? की विसरलो? वय झालं!

८ नोव्हेंबर, रविवार

गाडीने घात केला.

रविवारी रोह्याला शांतीकडे जेवायला जायचं हा आमचा नेम. माझी ही धाकटी बहीण वालाचं बिरडं करते, तसं रायगड जिल्ह्यात कोणी करत नाही. नागोठणं मागे पडलं, भिसे खिंडीचा चढ लागला आणि गाडीचं इंजिन नुसतं ओरडायला लागलं. गाडी जागची हलेना! पाय दाबावा तसा आवाज वाढतो, वेग नाही. मग जळकट वास. मागून ट्रक भोंगे वाजवतायत. शेवटी उतारावर मागे मागे आणली, वळवली आणि सपाटीवरून कशीबशी पेणला पोचलो. बिरडं राहिलं.

एरवी अशा वेळी अनसूया दहा सूचना करते. आज एक शब्द नाही. खिडकीबाहेर बघत बसली होती. बिचारी घाबरली असणार.

माघात गुहागरला जायचंय याच गाडीने. निवृत्त झालो त्या दिवशीच तिला शब्द दिलाय. रस्त्याचा नकाशा मी स्वतः काढून ठेवलाय, खाडीवरच्या तरींसकट. तिला समुद्रकाठाने न्यायचं, मी गाडी चालवायची, तिने शेंगा सोलून हातात द्यायच्या. दुसरं काही मागणं उरलेलं नाही.

१० नोव्हेंबर

गाडी शोरूमच्या वर्कशॉपात टाकली. सुपरवायझर तरुण, गळ्यात टाय, बोलण्यात साखर. "काका, क्लच प्लेट गेलीय."

मी म्हटलं, "गेली तर गेली. वाढीव वॉरंटी घेतलीय, बदलून द्या." कंपनीची वॉरंटी संपताना यांनीच गळ्यात मारली होती ती. निर्धास्त राहा, पुढची चिंता आमची, असं म्हणाले होते!

"क्लच प्लेट त्यात येत नाही, काका. पुस्तिका वाचली नाही का?"

वाचतो म्हटलं. वाचून येतो आणि मग बघतो तुमच्याकडे.

१२ नोव्हेंबर

पुस्तिका! ही अक्षरं आहेत की मुंग्यांची रांग? भिंग घेतलं, दिवा जवळ ओढला, तरी ओळी एकमेकींत मिसळतात. मुद्दाम करतात हे. माणसाला वाचता येऊ नये म्हणून इतकं बारीक छापतात. शुद्ध लबाडी!

शेवटी अनसूयेने वाचून दाखवलं. भिंगाबिंगाशिवाय, घडाघडा. मला कळलं ते थोडक्यात असं: गाडी बनवतानाच दोष राहिला असेल, तर भरपाई. वापराने झिजणारे भाग, म्हणजे क्लच प्लेट, ब्रेकचे लायनर, वायपरची रबरं, यांना नाही. झीज वॉरंटीत धरत नाहीत. चुकीच्या हाताने चालवली तर नाही. खाऱ्या पाण्यात घातली तर नाही.

"म्हणजे मग आहे कशाला?" मी विचारलं.

"आपण न चुकता, न झिजता वापरली तर आहे," ती म्हणाली. मला हसू आलं. ती मात्र हसली नाही.

१५ नोव्हेंबर, रविवार

रोहा नाही. शांतीचा फोन आला होता, बिरडं शेजाऱ्यांना वाटलं म्हणाली.

एक गंमत. गाडी वर्कशॉपला गेल्यापासून ते स्वप्न पडलेलं नाही. दुपारी डोळा लागतो, पण नुसता अंधार. त्या पाण्याच्या चौकोनांची आठवण येते. स्वप्नाची आठवण यावी, इतका मी कधी हळवा झालो?

१७ नोव्हेंबर

आज शोरूममध्ये भांडून आलो.

समोरचा काळुराम बरोबर होता. एसटीत ड्रायव्हर होता तो, आमच्याच बरोबरीने निवृत्त झाला. म्हटलं, जाणकार माणूस सोबत असलेला बरा. तर हा बाबा सगळा वेळ छताच्या पंख्याकडे बघत उभा!

मी सुपरवायझरला सांगितलं, की झीज होईल अशी मी गाडी चालवतच नाही. उदाहरण दिलं. भाद्रपदात जोह्याहून गणपती आणला, मूर्ती अनसूयेच्या मांडीवर. धक्का लागू नये म्हणून जोह्यापासून पेणपर्यंत पहिल्या गिअरमध्ये आणली. मागे गाड्यांची रांग लागली, लोकांनी शिव्या दिल्या, पण मी वेग वाढवला नाही. एवढा जपणारा माणूस मी!

तो टाळी वाजवायचाच बाकी होता. "हेच ते, काका! एवढं अंतर अर्धा क्लच दाबून आणलीत. हीच चुकीची हाताळणी."

मी म्हटलं, देवाला हळू आणणं ही चुकीची हाताळणी? पेणात शोरूम घालून बसलात आणि गणपती कसा आणतात ते ठाऊक नाही? आजूबाजूची माणसं हसली. तो ओशाळला. मग म्हणाला, "खरं सांगू का, एका फेरीत एवढी प्लेट जळत नाही. महिनाभर कोणी शिकत असेल, तर अशी जळते. घरात कोणी शिकतंय का? शिवाय गाडीच्या पोटाला मीठ लागलंय. आणि तुम्ही एवढे उंच, सीट मात्र पुढे ओढलेली."

सीट तुमच्याच माणसांनी ओढली असेल! मी असा भडकलो की विचारू नका. या स्टेअरिंगला माझ्याशिवाय कोणाचाही हात लागलेला नाही, असं ठणकावून सांगितलं.

तेव्हा तो जरा नरमला. कंपनीचा इंजिनियर सोमवारी येणार आहे. मी लिहून द्यायचं की गाडी फक्त मीच चालवतो, मग क्लचच्या जोडणीतच दोष होता असं धरून दावा पुढे पाठवता येईल. लिहून देतो म्हटलं. गणपतीची शपथ घालून लिहून देतो!

परत येताना काळुराम म्हणाला, "सायेब, शपथ कशाला घालता? द्या नं पैसे आन मोकले व्हा."

"का देऊ? खरं तेच लिहिणार आहे."

"व्हय," तो म्हणाला आणि चप्पल बघत चालायला लागला. एसटीवाल्यांना भांडायची सवय नाही, हे मात्र नवीनच कळलं.

२१ नोव्हेंबर

उद्या रविवार, परवा सही. मजकूर मनात जुळवून ठेवलाय. अनसूयेचं कशात लक्ष नाही. आमटीत मीठ दोनदा पडलं. विचारलं तर म्हणते, "काही नाही."

संध्याकाळी ओट्यावर बसलो होतो. रस्त्यावरचा दिवा लागला आणि पुन्हा तेच कडं. आज तर हिरवाही रंग होता त्यात. गुहागरच्या समुद्रावर चंद्राला असं कडं पडलं तर!

२२ नोव्हेंबर, रविवार

काय लिहू? हा राग आहे की दुसरं काही, ते कळत नाही.

सकाळी चहा ठेवला आणि माझ्यासमोर बसली. "उद्या सही करू नका."

"का?"

"खोटी होईल. गाडी मीपण चालवते."

दसऱ्यापासून! रोज दुपारी, माझा डोळा लागला की. काळुरामने शिकवलं, मिठागराच्या बांधावर, म्हणजे कोणाच्या नजरेला पडायला नको. पेणच्या आरटीओतून शिकाऊ लायसनही काढून आणलंय. तांदळाच्या डब्यामागे ठेवलं होतं. म्हणजे बांगड्या खऱ्या होत्या. खारट वास खरा होता. मी स्वप्न स्वप्न म्हणून कुरवाळत बसलो आणि ही खरोखर क्लच जाळत होती!

खूप बोललो. नको ते बोललो. माझ्या गाडीला चोरून हात लावलास, चारचौघांत मला खोटं पाडलंस, या वयात ही थेरं कशाला! काळुरामला हाक मारून बोलावलं. तो दारातच उभा राहिला. "मी नाय म्हनलो व्हतो, सायेब. पन वहिनींनी कारन सांगितलं. मग नाय म्हनवला नाय."

"काय कारण?"

त्याने तिच्याकडे पाहिलं. ती म्हणाली, "जोह्याहून गणपती आणला तो दिवस आठवतो? तुम्ही हळू चालवत होतात ते गणपतीसाठी नव्हे."

"मग कशासाठी?"

"तुम्हाला रस्ता दिसत नव्हता. हमरापूरच्या वळणावर म्हशी उभ्या होत्या, अगदी डाव्या अंगाला. मी थांबा म्हणून ओरडले, तेव्हा थांबलात. मला विचारलंत, 'काय झालं, मूर्ती हलली का?' म्हशी तुम्हाला दिसल्याच नव्हत्या."

मी म्हटलं, संध्याकाळ होती, धूळ होती. ती म्हणाली, "हो." मग म्हणाली, "पुस्तिकेत अक्षरं मोठी होती हो." एवढंच बोलून कपबश्या उचलून आत गेली.

म्हशी मला आठवत नाहीत. मी दिवसभर आठवून पाहतोय. वळण आठवतं, तिच्या मांडीवरच्या मूर्तीचे डोळे आठवतात. म्हशी नाहीत.

२३ नोव्हेंबर

शोरूमला गेलो. सही केली नाही. सुपरवायझरला म्हटलं, "दावा नको. घरात एक जण शिकतंय." क्लच प्लेटचे पैसे भरले. तो हसला. "काकू का? मला वाटलंच. सीट तेच सांगत होती." मग अगदी मनापासून म्हणाला, "मिठागराच्या बांधावर शिकल्यात ना? मग घाटातही चालवतील." मला त्या टायवाल्याचा राग आला नाही, याचंच नवल वाटलं.

२५ नोव्हेंबर

गाडी आली. अनसूयेशी अजून नीट बोलत नाही. दुपारी झोप आली नाही. आता स्वप्न कशाचं पडणार!

संध्याकाळी ती म्हणाली, रोह्यात डोळ्यांचे डॉक्टर आहेत, शांतीच्या ओळखीचे. मी म्हटलं, काही गरज नाही. ती म्हणाली, "बिरडंही आहे."

जाऊ म्हटलं. बिरड्यासाठी.

३० नोव्हेंबर, सोमवार

तिने चालवली. मी डाव्या बाजूला बसलो, जन्मात पहिल्यांदा. भिसे खिंडीच्या चढावर माझा पाय आपोआप दाबला गेला, पण तिथे क्लच नव्हताच. गाडी न अडखळता वर गेली.

अंधाऱ्या खोलीत डॉक्टरांनी विचारलं, "दिव्यांभोवती रंगीत कडी दिसतात का?"

मी म्हटलं, "दिसतात की. सगळ्यांनाच दिसतात. यंदा त्रिपुरीला किती सुंदर दिसली!" आणि साक्षीला म्हणून अनसूयेकडे पाहिलं.

तिने मान हलवली. नाही. तिला कधीच दिसली नव्हती.